पलटणीच्या फोटोत आपले आजोबा नेमके कोणते? चाळीस वर्षं चुकीच्या माणसाला हार घातलेल्या घरातून उत्तर

तुम्ही विचारलंय की माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांच्या पलटणीचा दुसऱ्या महायुद्धातला ग्रुप फोटो सापडला, साठ-सत्तर जवान आहेत, मागे नावं नाहीत आणि घरातला प्रत्येक जण वेगळ्याच माणसाकडे बोट दाखवतो. मग खरे आजोबा कसे ओळखायचे?

आमच्या घरी सगळ्यांचं बोट एकाच माणसाकडे जायचं, आणि तोच घोटाळा होता. लालबागच्या चाळीतल्या खोलीत देवांच्या फळीशेजारी तो फोटो टांगलेला. उभ्यांच्या रांगेत उजवीकडून चौथा, भरघोस मिशांचा, छाती काढून उभा असलेला गडी म्हणजे आमचे आजोबा. सर्वपित्रीला फ्रेमला हार आणि त्या गड्याच्या तोंडावर, काचेवरूनच, गंधाचा ठिपका. मी लहानपणापासून त्याच माणसाच्या पाया पडलो. आजोबा गेले तेव्हा वडील नऊ वर्षांचे होते, त्यामुळे त्यांची आठवणही फोटोवरच पोसलेली.

२०१७ मध्ये चाळ पुनर्विकासाला गेली आणि सामान आवरताना आजोबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोंदींचं पुस्तक, मिळालं. तुमच्याकडे ते आहे का, हे आधी बघा. पेन्शन नसली तरी हे पुस्तक बरेचदा जपलेलं असतं, कधी रेशनकार्डाच्या पिशवीत, कधी पोथीत. आजोबांच्या पुस्तकात भरतीची तारीख, गाव, तालुका, उंची, शेवटचा हुद्दा आणि ओळखीची खूण एवढं होतं. भरती १९४१, सुटताना लान्स नायक. फोटोखालच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओने छापलेलं 'बेळगाव १९४२'. आणि आमच्या मिशावाल्याच्या बाहीवर तीन फिती. म्हणजे हवालदार.

मोठे काका म्हणाले, हुद्दा नंतर उतरवला असेल, मिलिटरीत तसं व्हायचं. बरोबर आहे, व्हायचं. म्हणून एका पुराव्यावर थांबू नका. मी फोटो स्कॅन करून मोठा केला तर त्या हवालदाराच्या डाव्या खिशावर एक रिबीन, म्हणजे पदकाची रंगीत पट्टी, दिसली. महायुद्धातल्या मोहिमांच्या स्टार पदकांपैकी पहिली दोन, आफ्रिका स्टार आणि १९३९-४३ स्टार, जाहीर झाली १९४३ मध्ये. बर्मा स्टार आणि इटली स्टार तर मे १९४५ मध्ये. मग १९४२ च्या फोटोत हवालदाराच्या छातीवर रिबीन कसली? बहुतेक लढाईच्या आधीच्या नोकरीची, वायव्य सरहद्दीवरची किंवा तशीच एखादी. १९४१ ला भरती झालेल्या पोराकडे ती असणं शक्यच नव्हतं. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तेव्हा तुम्हीही चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. चेहरा शेवटी. आधी कपडे, बसण्याची जागा आणि तारीख. चेहऱ्यात आपल्याला हवं तेच दिसतं. आत्याला देखणा बाप हवा होता, तिने देखणा निवडला, हे मी तिच्या तोंडावर बोललो नाही, पण झालं तसंच.

ग्रुप फोटोत बसण्याची पद्धत साधारण ठरलेली असते. खुर्च्यांवर मधोमध गोरा कमांडिंग ऑफिसर, आजूबाजूला बाकीचे साहेब आणि आपले सुभेदार, जमादार. जमादाराच्या खांद्यावर एक तारा, सुभेदाराच्या दोन. मागे बाकांवर चढून उभे, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेले साधे शिपाई. बाहीवर एक फीत लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. आजोबांचा हुद्दा माहीत असेल तर निम्मे चेहरे इथेच गळतात. पुठ्ठ्यावर नावं छापलेली असली तर ती बहुधा खुर्चीवाल्यांचीच, आणि 'डावीकडून' म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून.

मग पलटण. टोपीवरच्या किंवा फेट्यावरच्या बिल्ल्यावर बिगूल दिसला तर मराठा लाइट इन्फंट्रीचा अंदाज घ्या, पण बिगूल इतर लाइट इन्फंट्रींकडेही असतो, म्हणून खांद्यावरची पितळी अक्षरंही वाचा. बेळगावला केंद्र असलेल्या या रेजिमेंटचं तेव्हाचं नाव पाचवी मराठा, आणि इंग्रजीत ते आजच्यासारखं लिहीत नसत: एम-ए नंतर एच आणि शेवटाकडे दोन टी. इंटरनेटवर शोधताना तेच स्पेलिंग टाका, नाहीतर काही सापडणार नाही. आणखी एक गंमत. साहेब लोक मराठा जवानाला लाडाने 'गणपत' म्हणत, सरसकट सगळ्यांना. तेव्हा एखाद्या इंग्रजी फोटोखाली 'गणपत' दिसलं म्हणून आपले गणपतआजोबा सापडले असं समजून पेढे वाटू नका. बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ असेल तर ती महार रेजिमेंट, पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावलाच उभी राहिली. आणि मराठी घरातला प्रत्येक फौजी या दोनच ठिकाणी नव्हता. खडकीचे बॉम्बे सॅपर्स (लष्करी इंजिनिअर), रसद खात्याच्या मोटार कंपन्या, नौदल, सगळीकडे आपली माणसं होती.

पलटण कळली तरी बटालियन कळायला हवी, कारण एकाच रेजिमेंटच्या बटालियन वेगवेगळ्या आघाड्यांवर होत्या. पाचव्या मराठाची दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला कैद झाली. पहिली आणि तिसरी इटलीत लढली. चौथी मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांसमोर होती. जवान कमरेपर्यंतच्या लोकरी बॅटलड्रेसमध्ये असतील तर इटलीचा हिवाळा, काठवाली फेल्ट हॅट असेल तर ब्रह्मदेशाची आघाडी, हे पहिले अंदाज म्हणून धरा, पुरावा म्हणून नव्हे. दंडावरचा डिव्हिजनचा बिल्ला दिसला तर नशीब: लाल गरुड म्हणजे चौथी इंडियन डिव्हिजन, काळं मांजर म्हणजे सतरावी. पण हे बिल्ले लढाईतल्या फोटोंत कधीकधी सेन्सॉरने खरवडलेले असतात, आणि काही जुन्या फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा येतो, निळा पांढुरका. रिबिनींचे रंग ओळखताना हे लक्षात ठेवा.

जाता जाता, आमच्या पोलादपूर-माणगाव भागात प्रत्येकाचा आजा नाईक यशवंत घाडग्यांच्या शेजारच्या खंदकात होता. घाडगे तिसऱ्या बटालियनचे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घरातल्या या गोष्टी ऐका, प्रेमाने ऐका, पण फोटोवर लावू नका. माझे आजोबा पहिल्या बटालियनला होते.

लढाईत वारलेल्यांची नावं राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतात. काही नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. फोटोतल्या आजोबांच्या सोबत्यांसाठी याचा फार उपयोग होतो. फक्त जिल्हे तेव्हाचे आहेत. 'कुलाबा' वाचून मुंबईकर लगेच कॉजवेवर पोचतो, पण तो कुलाबा जिल्हा म्हणजे १९८१ पासूनचा रायगड. 'रत्नागिरी' लिहिलेला माणूस आजच्या सिंधुदुर्गातला असू शकतो. आणि नावांचं स्पेलिंग कारकुनाच्या कानाला जसं लागलं तसं. पवार, मोरे, शिंदे, सकपाळ हे चार-चार प्रकारे लिहून शोधा.

जे जिवंत परतले त्यांची अशी खुली यादी आपल्याकडे नाही. पंजाबच्या पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात निघाल्या आणि इंटरनेटवर येऊ लागल्या, ते वाचून मी हळहळलो होतो. आपल्याला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करावा लागतो, नंबर, नाव, गाव आणि नातं लिहून. सैनिकाचा नंबर नसेल तर शोध फार अवघड. तो नंबर पदकाच्या कडेवर कोरलेला असू शकतो, पदक मोडीत गेलं नसेल तर. आमचं गेलं होतं, १९८२ च्या गिरणी संपात.

आता आमचे खरे आजोबा कसे सापडले ते सांगतो, कारण तुम्हाला तीच पद्धत सुचवायची आहे.

फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून मी प्रत्येक डोक्याची बाह्यरेषा काढली आणि पेन्सिलने नंबर घातले, १ ते ७४. मूळ फोटोच्या मागे पेनने काही लिहू नका. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढून काढूही नका, आपल्या दमट हवेत तो चिकटलेलाच असतो, काचेसकट स्कॅन करा. निदान ६०० डीपीआय, चेहरे बारीक असतील तर १२००. आणि मोबाइलवरची 'जुना फोटो स्वच्छ करा' वाली ॲप्स मेहरबानी करून वापरू नका. ती धूसर चेहरा साफ करत नाहीत, त्याच्या जागी नवा बनवतात. माझ्या भाच्याने तसं करून दाखवलं तेव्हा सतरंजीवरच्या चौदाही शिपायांना एकच नाक आलं होतं.

मग चुलतआजी. आजोबांच्या धाकट्या भावाची बायको, नव्वदी ओलांडलेली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गावाहून परळला आली होती. ऑपरेशननंतर महिन्याने मी तिच्यासमोर मोठी प्रिंट ठेवली आणि काहीच बोललो नाही. एवढं मात्र कटाक्षाने पाळा: 'हे आजोबा ना?' असं कधीही विचारू नका. म्हाताऱ्या माणसांना आपलं मन मोडायचं नसतं, ती हो म्हणतात. प्रत्येकाला एकेकटं गाठा, एकाचं उत्तर दुसऱ्याला कळू देऊ नका. मी फक्त म्हटलं, "यात कुणी ओळखीचं दिसतं का बघ."

ती मिशावाल्यावरून सरळ पुढे गेली. बराच वेळ बघत बसली, मग सतरंजीवरच्या रांगेत टोकाच्या आधीच्या पोरावर बोट ठेवलं. नंबर ६८. फोटो काढताना मान हलल्यामुळे त्याचा चेहरा फराटल्यासारखा झालाय, आम्ही कुणी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"ह्यो तुझा आजा."

"चेहरा तर दिसत नाय गं."

"त्वांड कशाला? हात बघ की."

मांडी घातलेल्यांचे हात गुडघ्यांवर असतात, सगळ्यांचे एकसारखे. ६८ नंबरच्या डाव्या हाताची करंगळी आत वळलेली. भात कापताना विळा लागलेला, म्हणाली, लगीन व्हायच्या आधी. मी घरी येऊन डिस्चार्ज बुक उघडलं. ओळखीच्या खुणेच्या रकान्यात डाव्या करंगळीवरचा व्रण. चुलतआजीला अक्षरओळख नाही आणि ते पुस्तक तिने कधी पाहिलेलं नव्हतं. बाहीवर फीत नाही, १९४२ ला तेही जुळतं.

आजी जिवंत असताना तिला कुणी विचारलंच नव्हतं. ती हार घालायची, पण फ्रेमला.

राहिला हवालदार. त्याचा फोटो मी आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तिथून तो शेजारच्या दोन गावांच्या मुंबईतल्या मंडळांत फिरला. हा रस्ता तुम्हीही वापरा. एका गावातली, भावकीतली पोरं बरेचदा बरोबरच भरती झालेली असत, त्यामुळे तुमच्या फोटोतल्या माणसांची नातवंडं आज दिवा, विरार, नालासोपाऱ्याला असतील. तीन आठवड्यांनी दिव्याहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्याकडे आजोबांचा एकच फोटो, ओळखपत्रावरून मोठा केलेला, त्याच मिशा. मी हुद्दा आणि भरतीचं साल सांगितलं नाही, त्यांनाच विचारलं. हवालदार, १९३४. रिबिनीचा हिशेब लागला. पुढच्या रविवारी त्या दोन मुलांना घेऊन आल्या आणि आधी चपला काढून फ्रेमसमोर उभ्या राहिल्या.

७४ पैकी आतापर्यंत नऊ नावं लागली आहेत. चार जणांबद्दल दोन-दोन घरांचा दावा आहे, तिथे मी ट्रेसिंगवर दोन्ही नावं लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय.

तुमचा फोटो इथे टाकणार असाल तर पुठ्ठ्यासकट टाका. स्टुडिओचं नाव, कोपऱ्यातला शिक्का, खालची पट्टी, काही कापू नका. आणि पुढच्या रांगेचे हात नीट दिसतील असा एक वेगळा स्कॅन द्या.