आधी जागा निवडा, माणसे येतीलच

रस्त्यावरची छायाचित्रे काढताना नवखे लोक चेहऱ्यांमागे धावतात. त्याऐवजी आपण एखादा कठडा, पायरी किंवा बसथांबा निवडून तिथे तासभर थांबावे, असे मी सुचवेन. शहरी जीवनाचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधील बसण्याच्या सार्वजनिक चौकांचे चित्रीकरण केले, तेव्हा सुटी खुर्ची मिळालेली माणसे, गरज नसतानाही, ती जराशी सरकवूनच बसतात असे त्यांना दिसले. जागा आपलीशी करण्याची हीच हालचाल टिपण्याजोगी असते. भर उन्हात आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १००, छिद्र एफ/८ आणि शटरचा वेग १/५०० सेकंद एवढे पुरते. लेन्स ३५ मिमीची, म्हणजे भोवतालही चौकटीत घेणारी असावी. लांब पल्ल्याची लेन्स माणसाला भोवतालापासून तोडते, शिवाय तिने काढलेले छायाचित्र चोरून काढल्यासारखे वाटते. कोणी नको म्हणून हात हलवला, तर कॅमेरा लगेच खाली घ्यावा.