सडपातळ बाबांना शुगर कशी काय?

वडील बारीक, वजन ५८, जन्मभर शेतात राबले, गोडाला हात लावत नाहीत, घराण्यात कोणाला नाही, तरी शुगर कशी, असं विचारलंयत. मी अडकलो ते त्यांच्या जन्मसालावर. १९७३, गाव बीडकडचं. म्हणजे ७२ च्या दुष्काळात तुमची आजी गरोदर होती. मी तेव्हा चार वर्षांचा, धाकटा पोटात असताना आमची आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि घरी मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकऱ्या. धाकट्याला एकेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली, तोही काडीच. आता त्यामुळेच निघाली असं छातीठोक नाही सांगता येत, एकेका माणसाचं कारण असं काढता येत नाही.

पण पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांपासून मोजमापं घेतलीत. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ ची, पण गंमत अशी की आपल्या बाळांत कमी होते ते स्नायू, चरबी जवळपास तेवढीच. पोटातल्या बाळाला कमी मिळालं की ते आधी मेंदू सांभाळतं, स्नायू, इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड, किडनी यांच्यात काटकसर होते, आणि मग पुढे घरात पैसा आला, मोटारसायकल आली, चहा दिवसाला सहा कप झाला की सगळं कमरेवर जातं आणि तेवढं इन्सुलिन बनवायची ताकद मुळातच नसते. केईएममध्येच जन्मलेल्या मुलांत दिसलं की जन्मतः लहान पण आठव्या वर्षी वजनदार, त्यांच्यात इन्सुलिन रेझिस्टन्स, म्हणजे शरीराने इन्सुलिनला दाद न देणं, सगळ्यात जास्त.

बारीक दिसण्याचं म्हणाल तर २००४ साली याज्ञिक आणि युडकिन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी स्वतःचाच फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१!

तेव्हा काटा सोडा, टेप घ्या. बाप्यांना कमरेचा घेर ९० सेंमीच्या आत हवा. काका-आत्यांचीही शुगर तपासून घ्या. आणि मिसेसना पाचवा चालू आहे म्हणालात तर शुगरसोबत बी-१२ चं पण डॉक्टरांना विचारा, त्या सहा गावांतल्या बऱ्याच आयांना ते कमी होतं.

घेर बेंबीच्या लेव्हलला मोजा हां, पँटच्या साइजवर जाऊ नका. माझी पँट ३४ इंची, म्हणजे ८६ सेंमी, आणि घेर निघाला ९६, पट्टा पोटाखाली बांधायचो ना.