नागपुरात घर घेऊन राहिले? आधी आरएल विचारा

डॅलस असो की सिडनी, आपल्याकडच्या लोकांचा प्रश्न एकच येतो, "वर्धा रोडला प्लॉट घेऊन ठेवू का, पुढे भाव वाढेल ना?" वाढेलही बापा, पण तुम्हाला राहायला घर पाहिजे की नुसता पैसा गुंतवायचाय ते आधी नवरा-बायकोनं बसून ठरवा. आईबाबा राहणार असतील तर मिहानकडचा चकाचक टॉवर काय कामाचा, त्यांचा डॉक्टर धंतोलीत, भाजी गोकुळपेठेत, ओळखीपाळखी बजाजनगरात, तिकडे नेऊन ठेवलं तर दिवसभर गॅलरीत बसून रस्ता पाहतील बिचारे.

प्लॉटच घ्यायचा असेल तर ब्रोकरला भाव नंतर विचारा, पहिले आरएल, म्हणजे त्या प्लॉटला मंजुरी दिल्याचं सरकारी पत्र, आहे का ते विचारा. लेआउट एनए-टीपी (जमीन बिगरशेती, नगररचनेची मंजुरी) आहे एवढ्यावर खूष होऊ नका, नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा शहराबाहेर असेल तर एनएमआरडीए (महानगर विकास प्राधिकरण) यांचं आरएल लेटर त्याच प्लॉट नंबरचं पाहिजे, नाहीतर पुढे नकाशा मंजूर करताना आणि बँकेचं लोन काढताना अडकता. "डिमांडची रक्कम भरली आहे, आरएल येऊनच राहिलं" असं सांगणारे ढीगभर भेटतात, तर येऊ द्या, मग पैसे देऊ म्हणा. आणि उमरेड रोडला दोन एकर शेत, त्यात छोटंसं फार्महाउस हे स्वप्न सोडूनच द्या, फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमानं एनआरआयला शेतजमीन, फार्महाउस विकत घेता येत नाही, वारसानं आली तर गोष्ट वेगळी.

माझं म्हणाल तर, परत यायचं नक्की नसेल तर प्लॉटपेक्षा ओसी (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेला तयार फ्लॅट बरा, रिकाम्या प्लॉटवर लक्ष ठेवायला इथं माणूस लागतो आणि भाऊ किती दिवस चक्कर मारेल? बिल्डरांना प्रकल्पाची नोंदणी करायला लावणारं महारेरा १ मे २०१७ पासून लागू आहे, पण ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असले की नोंदणीची सक्ती नाही, आणि आपल्याकडे जुना बंगला पाडून उभ्या केलेल्या छोट्या स्कीमच जास्त, तिथं ओसी, मंजूर नकाशा, मालकीचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट हे सगळं आपल्याच वकिलाकडून पाहून घ्या, बिल्डरच्या नाही.

व्हिडिओ कॉलवर फ्लॅट दाखवतात तेव्हा मॉड्युलर किचन दिसतं, नाला दिसत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी रस्त्यावर आली, अंबाझरी लेआउट, डागा लेआउटसारख्या महागड्या भागांत तळमजल्याच्या घरांत पाणी शिरलं. म्हणून शेजारच्या वॉचमनला विचारायला लावा, त्या दिवशी इथं पाणी कुठवर होतं? उन्हाचंही तसंच, २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे ४७.९ डिग्री झालं होतं, टॉप फ्लोअर आणि पश्चिमेची बेडरूम असेल तर कूलर हात टेकतो. शहराच्या हद्दीबाहेरची स्कीम असेल तर उन्हाळ्यात बोअर आटते का, टँकर किती लागतात तेही विचारा, आणि ते तिथं राहणाऱ्या बायकांना विचारा, सेल्सवाल्याला नाही.

आता सही. तुम्ही येऊ शकत नसाल तर पॉवर ऑफ अॅटर्नी कॉन्सुलेटमध्ये अटेस्ट करा किंवा नोटरी करून अपोस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) घ्या, आणि ती भारतात पोचली की तीन महिन्यांच्या आत स्टँप झाली पाहिजे, हे बरेच जण विसरतात. ती फक्त याच घराच्या खरेदीपुरती करा, विकायचा अधिकार देऊ नका, सख्खा भाऊ असला तरी, तो रागावला तर रागवू द्या.

पैसे एनआरई किंवा एनआरओ या एनआरआयच्या बँक खात्यांतूनच द्या. विकणारा इथलाच असेल आणि किंमत ५० लाख किंवा वर असेल तर त्याला पैसे देतानाच १ टक्का टीडीएस (आयकर) कापून भरायचा, पण तोही एनआरआय असेल तर कलम वेगळं, टक्के बरेच जास्त आणि ५० लाखांची सूटही नाही, आणि कमी कापला तर आयकर खातं तुम्हाला धरतं. वर्गमित्राकडून घेताना हे हमखास होते, कारण मैत्रीत सीए कोण आणतो!

फ्लॅट फक्त बायकोच्या किंवा आईच्या नावावर घेतला तर स्टँप ड्युटीत १ टक्का सूट मिळते. आणि रजिस्ट्री झाली की परतीच्या विमानात बसायच्या आधी घरटॅक्स आणि विजेचं मीटर नावावर करायचे अर्ज देऊन टाका, पोचपावती फोनमध्ये ठेवा.