बिस्टीला पहिल्यांदा जाताय?

अरे, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोतल्या बिस्टीला, म्हणजे त्या विचित्र दगडांच्या ओसाड रानात जातोयस तर पाणी फार्मिंग्टन शहरातच भरून घे. तिथून हायवे ३७१ ने दक्षिणेला साधारण ६० किलोमीटर. मग दुकान नाही, नळ नाही, सावलीसुद्धा नाही. माणशी चार लिटर मला तरी कमीच वाटतं.

आखलेली पायवाट नाही. फुटक्या अंड्यांसारखे दिसणारे ते प्रसिद्ध दगड पार्किंगपासून तीनेक किलोमीटरवर, कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चालत जायचं. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घे आणि गाडी लावलीस तिथे खूण कर. पहिल्या खेपेला मी ती केली नव्हती. संध्याकाळी सगळ्या टेकड्या सारख्याच करड्या दिसायला लागल्या, गाडी सापडेपर्यंत दीड तास गेला (बायको अजून ऐकवते).

पावसाचा अंदाज असेल तर बेत रद्दच कर. माती बेंटोनाइटची, म्हणजे पाण्याने फुगणारी चिकणमाती. कोरडी असताना पायाखाली कुरकुरते, भिजली की नुसता साबण.

दगड झालेलं लाकूड जागोजाग दिसेल, आतल्या रेषांसकट. बघ, फोटो काढ, पण खिशात घालू नकोस, बंदी आहे. शेकोटीलाही. चहा थर्मासमध्येच ने.