पाच राउंड होऊन नकार आला, आता काय?

प्रश्न: सॉफ्टवेअर कंपनीच्या मुलाखतीचे पाच राउंड छान गेले, एचआरने अपेक्षित पगारही विचारला आणि आठवड्याने नकाराचा मेल आला. यातून सावरायचं कसं? तिथेच पुन्हा अर्ज करावा का?

पगार सगळ्यांनाच विचारतात, त्यावरून काही ठरवू नका. तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझा एक चौथा राउंड आठवला, म्हणून लिहितेय.

एलआरयू कॅश लिहायची होती, म्हणजे ठरावीक नोंदी ठेवणारी आणि जागा भरली की सर्वात जास्त काळ न वापरलेली नोंद काढून टाकणारी साठवण. हॅशमॅप (की, म्हणजे नोंदीचं नाव, दिलं की नोंद लगेच सापडते), दुहेरी लिंक्ड लिस्ट (नोड म्हणजे एकमेकांना जोडलेले कप्पे, वापराच्या क्रमाने), गेट (वाचणं) आणि पुट (टाकणं) दोन्ही ओ ऑफ वन, म्हणजे नोंदी कितीही असल्या तरी तेवढ्याच वेळात. घोटून घोटून पाठ झालेला प्रश्न. वीस मिनिटांत कोड झाला. मग समोरच्याने क्षमता २ धरून तिसरी नोंद टाकायला सांगितली. लिस्टच्या टोकाचा नोड गेला, पण मॅपमधली त्याची नोंद तशीच राहिली. मी नोडमध्ये नुसती व्हॅल्यू ठेवली होती, तिची ‘की’ (key) ठेवलीच नव्हती. मग मॅपमधलं नेमकं काय पुसायचं ते कळणार कुठून? चूक मला दिसत होती आणि हात चालत नव्हता. त्याने बिचाऱ्याने हिंटही दिली. सहा दिवसांनी दोन ओळींचा मेल आला.

ताई याच क्षेत्रात, माझ्या आठ वर्षं पुढे. मी त्या रात्री ती चूक सोडवायला वही काढून बसले होते, तर फोनवर म्हणाली, "मिट ती वही. आकड्यांचा खेळ आहे गं हा. उद्या दहा ठिकाणी अप्लाय कर, मागे वळून बघू नकोस." मी ऐकलं. तीन आठवड्यांनी दुसऱ्या कंपनीत तोच प्रश्न आला आणि मी तीच चूक केली. तीच! तेव्हा रडले ते पहिल्या नकारापेक्षा जास्त.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नकार मनावर घ्यावा. दोन दिवस वाईट वाटू द्या, कुणाला हसून दाखवू नका. पण प्रत्येक राउंड झाला की त्याच संध्याकाळी त्यातले प्रश्न आणि आपण जे बोललो ते जसंच्या तसं लिहून काढा. चार दिवस गेले की आपण स्वतःच्या बाजूने आठवायला लागतो. जो कोड अडला तो चालेपर्यंत उठू नका. सिस्टिम डिझाइनचा (मोठ्या सॉफ्टवेअरची रचना तोंडी मांडण्याचा) राउंड असेल तर एखाद्या मित्राला समोर बसवून पुन्हा मांडा.

२००९ मध्ये फेसबुकने ब्रायन ॲक्टनला नाकारलं आणि २०१४ मध्ये त्याचंच व्हॉट्सॲप घेण्याचा सुमारे १९ अब्ज डॉलरचा सौदा केला, ही गोष्ट ताईने मला दोनदा पाठवली. गोष्ट खरी आहे. पण त्याआधी त्याने याहूत दहा वर्षांहून जास्त काम केलं होतं, ते कुणी सांगत नाही. असल्या गोष्टींनी माझं दुःख कमी झालं नाही आणि तो बगही सुटला नाही.

एचआरला एकदा फीडबॅक मागा. बहुधा मिळणार नाही, कारण कायद्याची भानगड नको म्हणून पुष्कळ कंपन्या कारण सांगतच नाहीत. कधी ती जागाच रद्द झालेली असते, कधी आतलाच माणूस घेतात. चुकीचा माणूस घेण्यापेक्षा चांगला सुटला तरी चालेल, असाही हिशेब असतो. तुमच्या बाबतीत असं झालं असेल तर माझी वही तुमच्या कामाची नाही.

आणि हो, नोकरी गेलेली असेल, हप्ते थकत असतील तर ताईचंच ऐका, आधी अर्ज टाका. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल तर डॉक्टरांकडे जा.

पुन्हा अर्ज जरूर करा. बऱ्याच ठिकाणी सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं, एचआरला विचारून घ्या.

ताई, तू हे वाचशीलच. तू वाईट सांगितलं नव्हतंस, मला माहीत आहे. पण त्या रात्री मला फक्त चाळीस मिनिटं हवी होती.