सीएनजी किट आणि अलॉय व्हील बसवले तर गाडीच्या विम्याचा हप्ता किती वाढेल? (गाडी ठाणे पासिंग)

वाढेल, पण घाबरण्याइतका नाही. थर्ड पार्टीचा (म्हणजे समोरच्याच्या नुकसानभरपाईच्या विम्याचा) मूळ दर इंजिनच्या सीसीनुसार सरकार ठरवतं, अलॉयमुळे तो हलत नाही. मुख्य फरक पडतो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटवर सहसा किटच्या किमतीच्या ४ टक्के आणि थर्ड पार्टीत ६० रुपये जादा लागतात. म्हणजे ५०,००० च्या किटला वर्षाला दोन हजारांच्या आसपास, वर जीएसटी.

खरी काळजी नोंदीची घ्या. किट मान्यताप्राप्त सेंटरमधूनच बसवा, ठाणे आरटीओत आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) नोंद करून घ्या आणि ती आरसी दाखवून पॉलिसीवर लगेच एन्डोर्समेंट (बदलाची नोंद) घ्या. रिन्यूअलपर्यंत थांबू नका! मधेच घोडबंदर रोडला गाडी ठोकली गेली तर नोंद नसलेल्या किटपायी क्लेम कापला जाईल, नाकारलाही जाऊ शकतो.

अलॉयचं बिल जपून ठेवा आणि त्यांची किंमत पॉलिसीत ॲक्सेसरीजखाली लिहून घ्या, नाहीतर चोरीला गेल्यावर भरपाई मागता येणार नाही. टायर मात्र कंपनीने दिलेल्या मापातच राहू द्या.

इंजिन बदलणं, चासीला हात लावणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं. परवानगीशिवाय ते करूच नका.