कुळवलेलं रान

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. मंगळवेढ्याकडे नेमणूक झाल्याचं वाचून आनंद झाला. पहिल्याच पत्रात रानातली माती अडवणाऱ्या बांधाचं अंदाजपत्रक कसं करायचं म्हणून विचारलंस. सांगतो. पण आधी एक पाऊस अंगावर घे.

जोराची सर येऊन गेली की तासाभरात एखाद्या कुळवलेल्या रानात जा आणि उकिडवी बस. चुनखडीचे बारके खडे दिसतील, आणि प्रत्येक खडा गव्हाच्या दाण्याएवढ्या मातीच्या खांबावर उभा. खड्यानं आपल्या पोटाखालची माती वाचवली, भोवतालची गेली. सगळीच रानाबाहेर जात नाही, काही खालच्या कोपऱ्यात बसते. तरी हिशेब करून बघ: हेक्टरातून 1 मिलिमीटर माती गेली तर ती 10 घनमीटर होते, म्हणजे 12-13 टन. तीन-चार ट्रॉल्या सहज भरतील, आणि बांधावर उभं राहून काही कळायचं नाही.

मोठा थेंब सेकंदाला 8-9 मीटर वेगानं आदळतो. ढेकूळ फुटतं, बारीक कण छिद्रं बुजवतात, वर खपली धरते. मग पाणी मुरत नाही, पळतं. म्हणजे माती वाहण्याच्या आधी फुटते. बांध वाहण्याला अडवतो. फुटणं अडवतात पाला, गवत, जमिनीलगतचा वेल. नुसत्या झाडांवर भिस्त ठेवू नकोस. सागासारख्या रुंद पानावर थेंब एकत्र येऊन आणखी मोठा होतो, उंचावरून पडतो, आणि खालचा पाचोळा कुणी जाळला असेल तर माती तशीच फुटते.

तुझ्या भागाची खरी अडचण अशी की रब्बीच्या मालदांडी ज्वारीसाठी ओल साठवायची म्हणून जून ते सप्टेंबर रान उघडं असतं. तण दिसलं की कुळवाची पाळी घालायची. स्वच्छ रान हा तिथल्या माणसाचा मान आहे, त्याला नावं ठेवू नकोस. खरिपात मूग घ्या म्हणालीस तर एखादे आबा विचारतील, "आणि उत्तरा नक्षत्र कोरडं गेलं तर ज्वारी तुमच्या पगारावर उगवायची का, बाई?" त्यांचं चुकत नाही. मध्यम रानात, पावसाची जरा खात्री असेल तिथं मूग-उडीद साठ-सत्तर दिवसांत निघतो आणि पाला मागं ठेवतो. भारी काळ्या रानात आग्रह धरू नकोस. तिथं कुळव उताराला आडवा चालू दे, वाफे पाडायला लाव, बांधावरचं गवत पेटवू देऊ नकोस.

आता बांध. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी भारी काळ्या रानात समपातळी बांध घातले, म्हणजे एकाच उंचीच्या रेषेत, पाणी जागीच थोपवणारे. उद्दिष्ट पुरं करायचं होतं, दुसरं कारण नाही. उन्हाळ्यात बांधाला भेगा पडल्या. सप्टेंबरात वरच्या अंगाला पाणी तुंबलं, भेगेत शिरलं आणि पहाटे बांध फुटला. खालच्या रानात कमरेइतकी घळ. मालक एक शब्द बोलला नाही, चहा पाजला. तो चहा अजून घशाखाली उतरत नाही. समपातळी बांध हलक्या-मध्यम जमिनीचा. भारी रानात ढाळीचा, जरासा उतार दिलेला बांध घाल, म्हणजे जादा पाणी सावकाश निघेल, आणि ते निघतं तिथं गवताचा पाट हवाच.

आपल्याकडचा बांधबंदिस्तीचा कायदा 1942 चा. सरकारी कामाच्या मोजमाप पुस्तकात बांध चढतो, कारण त्याला टेप लागते. गवताला लागत नाही.

अंदाजपत्रकाचा नमुना सोबत जोडलाय. पहिला रकाना मी हातानं आखलाय: पाऊस पडतो तेव्हा जमिनीवर काय आहे? तो भरून पाठव, मग बांधाची लांबी बघू. आणि रानात जाताना छत्री नेऊ नकोस, काळ्या चिखलात दोन्ही हात मोकळे लागतात.

तुझा,
काका